एक पाय पायरीवर

अर्णव, मैथिली, परवा फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात, त्यामुळे निम्मं कळलं आणि निम्मं मी जुळवून घेतलं. अर्णव बर्फातून पळत येत होता, बसच्या ड्रायव्हरने त्याला पाहिलं, तरी वेळ झाली म्हणून दार लावून घेतलं. मैथिली आधीच बसमध्ये बसलेली होती आणि तिने खिडकीतून भावाला हात हलवून दाखवला. मैथिलीचं म्हणणं, ड्रायव्हरचं काही चुकलं नाही. अर्णवचं म्हणणं, असल्या माणसाला गाडी चालवायलाच देऊ नये. मला निवाडा करायला सांगितलात आणि मी विषय बदलला. कारण मला त्या क्षणी चांगुणाआत्या आठवली, आणि ती काही फोनवर सांगून आटपणारी बाई नाही.

तुमच्या बाबांचं लग्न होण्याच्या आधीची गोष्ट. तुमच्या आजोबांना नोकरीतून मोकळं झाल्यावर शेतकरी व्हायचं होतं. त्यांनी बिवळपाड्याला चिकूची वाडी घेतली. चिकूंना त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत पटलं नाही, पण आम्ही तिथे बरीच वर्षं राहिलो. माझी विरारच्या शाळेतली इंग्रजी शिकवायची नोकरी अजून शिल्लक होती, म्हणजे मला रोज विरारला जाणं भाग होतं.

बिवळपाडा चंदनसारच्या पुढे, हायवे ओलांडून, टेकडीच्या मागे. गाव इतकं लहान, की एका घरी सुकट भाजायला घेतली की सगळ्या गावाला एकदम भूक लागायची. फाट्यावर उतरायचं आणि तिथून ओढ्यातून, शेतांच्या बांधावरून चालत यायचं. पावसाळ्यात ओढा भरला की चपला डोक्यावर. टेकडीला वळसा घालून येणारा एक कच्चा रस्ता होता, पण तो इतका लांबचा की पायी कुणी तिकडून येत नसे.

चांगुणाआत्याचं माहेर आणि सासर दोन्ही बिवळपाड्यातच. लग्न होऊन ती चार घरं पलीकडे गेली, एवढंच. त्यामुळे ती गावात कुणाची वहिनी किंवा काकू झालीच नाही, सगळ्यांची आत्याच राहिली. उंच, रुंद हाडाची, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीची फुलं. आवाज असा, की ओढ्यापलीकडल्या माणसाशी ती सहज गप्पा मारायची. ओरडावं लागायचं ते पलीकडल्या माणसाला. तिच्या वाडीतले वाल आणि पडवळ ती विरारच्या बाजारात विकायची. कमाईपेक्षा तिला बाजारात जायची हौस मोठी होती. घरी खाऊनपिऊन सुखी बाई होती.

गावाला सरकारी लाल गाडी यावी म्हणून अर्ज गेले होते आणि परत आले होते. शेवटी गावातली चारपाच माणसं डेपोत गेली. मला बरोबर घेतलं ते मी शिकलेली म्हणून. पण साहेबांच्या टेबलासमोर गेल्यावर मला तोंड उघडायची वेळच आली नाही.

"लोकवस्ती किती तुमची?" साहेबांनी विचारलं.

"हे बगा, इथं आल्यात ती सगली नाय," आत्या म्हणाली. "थोडी घरी ठेवलीत. म्हशींजवल कोनतरी पायजे."

"तसं नाही आजी. एवढ्याशा वस्तीला गाडी परवडत नाही. वस्ती वाढली की या, बघू."

"वाढंल कशी? गाडी नाय म्हनून आमच्या पोरांना कोन पोरी देत नाय. पोरी नाय म्हनून लग्नं नाय. लग्नं नाय म्हनून पोरं नाय. आनि तुमी बोलता, आदी पोरं दाखवा, मंग गाडी देतो. असं कुटं असतं का?"

साहेबांनी रुमाल काढून तोंड पुसलं. मला वाटतं, ते हसू पुसत होते. त्या दिवशी नुसता चहा मिळाला, पण काही महिन्यांनी गाडी मिळाली. ती मुक्कामाची होती, म्हणजे संध्याकाळी विरारहून यायची, गावातच राहायची आणि सकाळी सहाला परत निघायची. अट एवढीच होती की ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची आणि पाण्याची सोय गावाने करायची, आणि गाडी वेळेवर सोडायची, कारण विरारला पोचल्यावर तीच गाडी पुढे दुसऱ्या गावांना जायची होती. सध्या चालवून बघू, नाही जमलं तर काढून घेऊ, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सोय आत्याच्या ओटीवर झाली, हे सांगायला नको. तिने घरातली चांगली मच्छरदाणी गाडीवाल्यांना दिली आणि स्वतः धुरी करून झोपू लागली. ड्रायव्हर चव्हाण साताऱ्याकडचे, शांत, मिशीवाले. त्यांनी एकदा सहज म्हटलं, की ज्वारीच्या भाकरीची आठवण येते. दुसऱ्याच दिवशी आत्याने विरारहून ज्वारीचं पीठ आणलं. आता तिकडच्या बायका तांदळाची भाकरी दोन हातांवर थापतात, परातीत नाही. आत्याने ज्वारीचीही तशीच हातावर थापायला घेतली. ती भाकरी तीनदा तुटून चुलीत पडली. चौथी ताटापर्यंत आली ती तुकड्यांत आली.

"तुमच्या गावची भाकर लय रागीट हाय," आत्या म्हणाली.

चव्हाणांनी तुकडे निमूट खाल्ले आणि त्यानंतर जन्मभर तांदळाचीच मागितली.

आता तिची मुख्य सवय. सकाळी आत्या टोपली घेऊन गाडीशी सगळ्यांच्या आधी हजर. टोपली आत, पहिल्या बाकाखाली. मग ती गाडीच्या दारात उभी राहायची, एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर. मान आत घालून ती एकदा सगळ्या बाकांवरून नजर फिरवायची आणि घराघराने कोण आलं नाही ते तिला लगेच कळायचं.

"यशवंताची सून कुटं? आज तिला दवाखान्यात जायाचं हाय."

"येतेय आत्या, चपला शोधतेय."

"मंग थांबा."

कंडक्टर घंटी मारायचा. आत्याचा पाय हलत नसे. चव्हाण मागे वळून म्हणायचे, "आत्या, पाय घ्या."

"घेते की. तुमी निगा, मी पाय घेते."

"तुम्ही पाय घेतल्याशिवाय कसं निघणार?"

"तेच तर."

मी आत बसून घड्याळाकडे बघत असे. तुम्हाला माहीत आहे, मला उशीर सहन होत नाही. माझी शाळा सातची होती आणि मी आयुष्यात कधी प्रार्थना चुकवली नव्हती. एकदा मी तिला म्हटलं, "आत्या, एका माणसासाठी सगळ्यांना उशीर होतो."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काही परक्या भाषेत बोलले. "बाय, गावात मानसं हायत किती? त्यातलं एक मागं टाकून गाडी गेली, तं तिला गावची गाडी कशी म्हनायची?"

एकदा गाडी नारायणसाठी चांगलीच थांबली. दोन जण त्याच्या घरी जाऊन आले. घरी नाही, गोठ्यात नाही, ओढ्यावर नाही. आत्या म्हणाली, त्याला सोडून जायचं नाही, त्याची कोर्टात तारीख आहे. शेवटी मागच्या बाकावर एक चादर होती ती हलली आणि आतून नारायण म्हणाला, "गाडी कशाला उभी हाय? मला तारीख हाय ना आज."

या गाडीवर सगळ्यांत जास्त अवलंबून होती ती शालू, आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. तिचं विरारला नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं. भावाने एका अटीवर तिला जाऊ दिलं होतं. गाडी दारातून जाते तोवर शिकायचं. मुलीला अंधारात एकटीला ओढा ओलांडून फाट्यावर पाठवणार नाही. गाडी बंद झाली तर शिक्षण बंद, आणि वाडा तालुक्याकडचं एक स्थळ तयारच होतं. शालू बसमध्ये पहिल्या खिडकीत बसायची आणि हाडांची नावं पुटपुटत पाठ करायची. मी तिच्याकडून इंग्रजी नावं म्हणून घेत असे. आत्या ऐकायची आणि म्हणायची, "मानसात इतकी हाडं असतात, तं मंग आमच्या नारायनाला कना कसा नाय?"

व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी कंडक्टरने ओटीवर बसूनच सांगितलं, "आत्या, वरून विचारणा झाली. आपली गाडी विरारला उशिरा पोचते, पुढची गावं ओरडतात. उद्या साहेब स्वतः मुक्कामाला येणार. परवा सकाळी गाडी सहाला सुटली नाही, तर मुक्काम काढून घेणार."

शालूचे वडील तिथेच होते. ते बहिणीकडे बघून म्हणाले, "बगितलंस? तुजा पाय पोरीला भोवनार."

आत्याने उठून गाडीवाल्यांची मच्छरदाणी टांगायला घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. डेपोतले चहावाले साहेब नव्हेत, दुसरेच. गोल पोट, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर मोठं घड्याळ. आत्याने पाहुणचारात काही कमी केलं नाही. वालाचं बिरडं, तळलेले सुके बोंबील, गरम भाकऱ्या. तुमचे आजोबा आणि मीही पंगतीला होतो. साहेबांनी आधी नको नको म्हटलं आणि मग नको म्हणायला त्यांचं तोंड रिकामं राहिलं नाही.

"उद्या मी बघणार," घास गिळून ते म्हणाले. "सहा म्हणजे सहा. कुणासाठी थांबायचं नाही."

"कोनासाठीच नाय?" आत्याने विचारलं.

"कुणासाठीच नाही. मंत्री आला तरी नाही."

"बरं," आत्या म्हणाली आणि तिने त्यांच्या ताटात आणखी दोन बोंबील वाढले.

सकाळी सगळं गाव शहाण्यासारखं आधीच गाडीत येऊन बसलं होतं. नारायण पुढे, सगळ्यांना दिसेल असा. यशवंताची सून चपला हातात घेऊन बसली होती, हरवायला नकोत म्हणून. चव्हाणांनी गाडी सुरू केली. आत्या दारात उभी राहिली, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. तिने मान आत घालून नजर फिरवली.

सगळे होते. फक्त साहेब नव्हते.

साहेब ओढ्याकडे गेले होते, टमरेल घेऊन. बिरडं आणि बोंबील यांची त्यांना सवय नसावी. गावातली माणसं जातात त्या जवळच्या बाजूला न जाता, लाजून ते लांब, पार करवंदीच्या जाळीपलीकडे गेले होते.

"येऊ द्या त्यांना," कंडक्टर म्हणाला. "साहेब आहेत."

"साहेबांसाठी थांबावंच लागेल," नारायण म्हणाला.

चव्हाणांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. शालूने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आत्या ओढ्याच्या दिशेने बघत होती. तिच्या ओटीवर झोपलेला, तिच्या हातचं जेवलेला पाहुणा मागे राहिला होता. गावची माणसं सोडा, तिने कधी गावात आलेला बोहारीसुद्धा मागे टाकला नव्हता. तिचा पाय पायरीवर तसाच होता.

"मास्तर, सा वाजले?" तिने कंडक्टरला विचारलं.

"वाजतायत."

आत्याने हात लांब करून बाकाखालची टोपली पुढे ओढली, शालूच्या पायांशी ठेवली. "माजे वाल बाजारात सखूकडं दे. इकून टाकील." मग तिने पाय उचलला. वर नाही, खाली घेतला.

"निगा."

"आत्या, साहेब राहिले," चव्हाण म्हणाले.

"साहेबच बोलले, कोनासाठी नाय. मी पाय घेतला. आता उशीर झाला तं तो तुमचा."

"आणि तुम्ही?"

"मी कशी येऊ? मागं राहिला त्याच्याजवल कोनतरी राहाया पायजे ना."

गाडी सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं. साहेब बांधावरून पळत येत होते, एका हातात टमरेल आणि दुसरा हात वर केलेला. आत्या रस्त्यात उभी होती आणि त्यांना सावकाश या, सावकाश या, असं हाताने सांगत होती.

पुढचं मला आत्याकडून कळलं. दुसरी गाडी संध्याकाळपर्यंत नव्हती. साहेब आधी रागावले, मग बसले, मग चहा प्यायले. मग आत्या त्यांना घेऊन बांधावरून, ओढ्यातून फाट्याकडे निघाली, गाव वर्षानुवर्षं चालत होतं त्याच वाटेने. ओढ्यात साहेब घसरले तेव्हा तिने त्यांना दंडाला धरलं. "बूट डोक्यावर घ्या, साहेब," ती म्हणाली, "हितं सगलेच घेतात." तिचं म्हणणं, साहेबांनी खरंच घेतले. त्यावर माझा विश्वास नाही, पण तिने ते प्रत्येक वेळी तसंच सांगितलं. फाट्यावर त्यांना एका भाजीच्या टेंपोत बसवून ती परत आली.

तो दिवस आमचा सगळ्यांचा वाईट गेला. चव्हाण जेवले नाहीत. शालूचं वर्गात लक्ष नव्हतं. संध्याकाळी विरारच्या स्टँडवर आम्ही गाडीत बसलो, तर साहेब स्वतः चालत आले. शर्टाची इस्त्री गेली होती. चव्हाण उठून उभे राहिले.

"सकाळी गाडी किती वाजता सुटली?"

"सहाला, साहेब."

"नक्की?"

"नक्की, साहेब."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "गाडी वेळेवर सुटते की नाही, हे माझ्यापेक्षा जास्त खात्रीने कोण सांगणार?" मग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू कंडक्टरच्या हातात दिली. "हे आत्यांना परत द्या. घाईत माझ्याकडेच राहिलं."

ते टमरेल होतं. साहेब बिचारे ते घेऊन ओढा ओलांडून, टेंपोत बसून, डेपोपर्यंत गेले होते. आत्याने ते उघडून पाहिलं आणि म्हणाली, "घासून दिलं त्यानं. चांगल्या घरचा मानूस हाय."

मुक्काम कायम झाला. शालू नर्स झाली. वाड्याकडच्या स्थळाला दुसरी मुलगी मिळाली. आणि आत्याने डेपोतल्या साहेबांना जे समजावलं होतं ते एकेक करून खरं व्हायला लागलं. गाडी बघून मुली देणारे आले, लग्नं झाली, ओट्यांवर झोळ्या टांगल्या गेल्या. आत्याचा पाय अजून पायरीवर असे, पण सहा वाजले की ती तो घ्यायची. आणि कुणी राहिलं असेल तर टोपली पुढे पाठवून स्वतः खाली उतरायची आणि त्या माणसाबरोबर फाट्यापर्यंत चालत जायची. त्यामुळे लोक वेळेवर येऊ लागले. आत्याबरोबर चालायचं म्हणजे वाटभर तिचं ऐकून घ्यावं लागायचं.

मग वस्ती आम्हाला हवी होती त्याहून जास्त वाढली. वालीवच्या कारखान्यांत काम करणारी माणसं गावात खोल्या भाड्याने घेऊ लागली. टेकडीच्या अलीकडे इमारती उभ्या राहिल्या, रस्ता डांबरी झाला, ओढ्यावर पाइप टाकून मोरी झाली, रिक्षा आल्या. मुक्कामाची गरजच उरली नाही. गाड्या दिवसभर येऊ-जाऊ लागल्या. चव्हाण बदलून गेले. आत्या तशीच दारात उभी राहून मान आत घालायची, आणि मग कुणाचंच नाव न घेता मान बाहेर काढायची.

"काय झालं आत्या?" मी एकदा विचारलं.

"आदी आत बगितलं का कोन नाय ते कलायचं," ती म्हणाली. "आता कोन हाय, तेच कलत नाय."

ती नाराज होती असं नाही. नव्या भाडेकरूंच्या बायकांना ती हिंदीत वालाचं बिरडं शिकवायची, आणि तिची हिंदी ऐकायला त्या दुसऱ्यांदा विचारायच्या.

तुमच्या आजोबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा आम्ही वाडी विकून विरारला फ्लॅट घेतला. सामानाच्या टेंपोबरोबर आजोबा पहाटेच गेले. मी घर बंद करून गाडीने जाणार होते. तुम्ही हसाल, पण त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, माझी गाडी चुकली. कुलूप लावलं, चार पावलं गेले, आणि नळ नीट बंद केला का, हे बघायला परत आले. मग कुलूप पुन्हा ओढून बघायला परत आले. रस्त्यावर आले तेव्हा गाडी टेकडीच्या वळणाला लागली होती.

आणि रस्त्यात आत्या उभी होती. टोपली नव्हती. टोपली गाडीतून पुढे गेली होती.

"चला, बाय," ती म्हणाली.

"आत्या, रिक्षा मिळेल की."

"मिलंल. पन चालू या."

आम्ही जुन्या वाटेने गेलो. बांध निम्मे राहिले नव्हते, तरी तिला वाट ठाऊक होती. वाटभर ती बोलली: शालूच्या नवऱ्याबद्दल, पडवळाच्या भावाबद्दल, आजोबांना गुडघ्याला काय लावायचं त्याबद्दल. माझी पिशवी तिने घेतली होती, ती शेवटपर्यंत दिली नाही. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी होती.

फाट्यावर हायवेची गाडी आली, खच्चून भरलेली. आत्याने मला पुढे घातलं, पिशवी हातात दिली आणि स्वतः एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिली. कंडक्टर तरुण होता, तिला ओळखत नव्हता.

"आजी, चढा नाहीतर उतरा. वेळ झाली."

"उतरते. तिला जागा भेटली का, ते बगू दे."

मी माणसांतून आत सरकत गेले. कुणीतरी उठून मला खिडकीजवळ जागा दिली. मी बसले आणि दाराकडे पाहिलं. तिची मान आत आलेली होती, अंबाड्यातल्या अबोलीसकट, आणि ती सगळे अनोळखी चेहरे एकेक करून मागे टाकत मला शोधत होती. मी हात वर केला.

तेव्हा तिने पाय घेतला.